तोंडावरचं रक्त पुसायच्या आधी श्वास बघा : कान, मान, चेहऱ्याच्या जखमा

सिस्टर_यवतमाळ

संक्रांतीपासून मृगापर्यंत आमच्या कॅज्युअल्टीत मानेच्या आणि चेहऱ्याच्या जखमा जास्त येतात. पतंगाचा मांजा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती, रात्रीचे कबड्डी सामने, तुरीचा हडंबा म्हणजे मळणीयंत्र, लग्नसराईत अंधाऱ्या रस्त्यावर धडकलेल्या मोटारसायकली, आणि जंगलपट्ट्यात मोहफुलं वेचणाऱ्यांवर अस्वलाचे हल्ले. मी ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. गावातून आमच्यापर्यंत पोचायला अर्धा-पाऊण तास जातो. तेवढ्या वेळात सोबतची माणसं काय करतात यावर पुष्कळ काही ठरतं, म्हणून हा धागा काढते आहे.

हातपाय मोडला तर आपली माणसं बरोबर वागतात. कमच्या बांधतात, हलवत नाहीत. तोंड फुटलं की मात्र रक्त पाहूनच सगळ्यांचा धीर सुटतो. कोणी हळद आणतं, कोणी डोकं मागे करायला सांगतं, आणि शेवटी जखमीला चारचाकीच्या मागच्या सीटवर उताणं झोपवून आणतात. हे उताणं झोपवणं जिवावर बेततं.

चेहऱ्याला रक्तपुरवठा खूप असतो, त्यामुळे भुवईवरची बोटभर जखमही सदरा भिजवते. पण चेहऱ्याच्या मोठ्या जखमेत पहिला धोका असतो श्वास कोंडण्याचा. रक्त, उलटी, तुटलेला दात, कवळी घशात जाते. खालचा जबडा समोरून दोन्ही बाजूंना मोडला असेल तर जिभेला पुढे धरून ठेवणारा आधारच सुटतो, आणि उताणं केलं की ती मागे पडून घसा बंद करते. असा माणूस शुद्धीवर असला तर आपणहून उठून बसायला, पुढे वाकायला धडपडतो. त्याला चार जण धरून पुन्हा झोपवतात! कृपा करून तसं करू नका. तो वाकतोय कारण त्याला तसाच श्वास घेता येतोय. बसू द्या, कपाळाला हाताचा आधार द्या, रक्त तोंडातून खाली गळू द्या. गिळायला लावू नका, पोटात गेलेलं रक्त उलटून बाहेर येतं.

बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, तोंड जमिनीकडे झुकलेलं. वळवताना एकाने दोन्ही हातांनी डोकं धरायचं आणि डोकं, मान, धड एकाच वेळी फिरवायचं, कारण तोंडावर एवढा मार बसला तर मानेच्या मणक्यालाही बसलेला असू शकतो. तोंडात समोर दिसेल ते बोटाने काढा. न दिसणारं चाचपडत बसू नका, ते आत ढकललं जातं.

हे झालं की मग रक्ताकडे बघा. धुतलेलं कापड घडी करून जखमेवर दाबा आणि दहा मिनिटं उचलूच नका. दर मिनिटाला उचलून बघितलं की धरलेली गुठळी सुटते. डोळ्याला मार असेल तर डोळ्यावर मात्र अजिबात दाब द्यायचा नाही.

तुमच्या भागात काय काय होतं तेही लिहा. डॉक्टर मंडळी असतील तर त्यांनी माझ्या लिहिण्यात भर घालावी.

पऱ्हाटी

ताई, लय कामाचं लिवलं. आमच्या अकोल्याकडची एक गोष्ट सांगतो. तुरीच्या हंगामात शिवारात एका पोट्ट्याचा दुपट्टा हडंब्याच्या पट्ट्यात गेला. मालकानं झटक्यात ट्रॅक्टर बंद केला, दुपट्टा इळ्यानं कापला, पोट्टं वाचलं. मानीवर निस्ता लाल वळ. उठून बसलं, पाणी पेलं, हासलं बी. लोकायनं म्हटलं, काई नाई झालं, जा घरी. संध्याकाळी त्याचा आवाज बसला. जेवन गियता येईना. रातच्याले घरघर कराले लागलं तवा गाडी काढली. पोट्टं आता बेस हाय, पन डॉक्टर म्हनले थोडा उशीर झाला असता तर कठीन होतं. मले सांगा, वरून काईच दिसत नसताना आमी कसं ओयखाव?

कानघसा

पऱ्हाटीभाऊ, तुम्ही विचारलेला प्रश्न या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा आहे. मी कान-नाक-घशाचा डॉक्टर, शिक्षण नागपूरच्या मेडिकलला, आता तालुक्याच्या गावी असतो.

मानेला बाहेरून आवळलं जातं तेव्हा कातडीला काही होत नाही, पण आतली स्वरयंत्राची कूर्चा, म्हणजे मऊ लवचिक हाड, चिरडते. आतल्या अस्तराखाली रक्त साकळतं आणि सूज चढत जाते. ही सूज लगेच येत नाही, काही तासांत वाढते. म्हणून माणूस पहिला तासभर बोलतो, हसतो, पाणी पितो. हडंब्यात गेलेला दुपट्टा, मोटारसायकलच्या चाकात गेलेली ओढणी, धुऱ्याच्या तारेवर आदळलेली मान, बैलाच्या कासऱ्याचा मानेला पडलेला वेढा, सगळ्यांत हेच होतं.

बघायचं ते असं. आवाज बदलला का. गिळताना दुखतं का, लाळ गिळता न आल्याने गळते का. थुंकीत रक्त आहे का. श्वास आत घेताना आवाज येतो का. आणि मानेवर बोटं ठेवून हलकं दाबा. कातडीखाली कुरमुरे दाबल्यासारखं कुरकुर लागलं तर श्वासनलिका फाटून हवा कातडीखाली शिरली आहे. कंठाचा उंचवटा सपाट झालेला दिसला तरी तेच. यातलं एकही असेल तर घरी नाही, थेट मोठ्या दवाखान्यात, आणि बसवून न्यायचं. अशा माणसाला खायला-प्यायला देऊ नका.

मी तर म्हणतो, मान खरोखर आवळली गेली असेल तर यातलं काहीच नसलं तरी एक रात्र दवाखान्यात काढावी. दुसऱ्या दिवशी सुट्टी मिळाली तर आनंदच आहे.

आणि हडंब्यावर काम करताना दुपट्टा काढून ठेवा, बायांनी पदर खोचून वरून सदरा घाला. पट्ट्यावर जाळी नसेल तर मशीनवाल्याला कामच देऊ नका. पूर्ण गावाने असं ठरवलं तर तो जाळी बसवतोच.

वऱ्हाडातून_पुण्यात

मांजाबद्दल कोणी लिहा ना. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्येच देशभर बंदी घातली, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेही किती वेळा दखल घेतली, तरी दर जानेवारीत नागपुरातून गळा चिरल्याची बातमी येतेच. आता तो मांजा तालुक्यातही मिळतो. भाऊ गावी रोज दुचाकीवरून जातो, समोर टाकीवर मुलगी बसते. जीव टांगणीला लागतो.

सिस्टर_यवतमाळ

भावाला सांगा, जानेवारीत तरी मुलीला पुढे बसवू नको. मांजा पुढे बसलेल्या लेकराच्या गळ्याच्या उंचीवर येतो आणि गाडी चालवणाऱ्याला तो दिसत नाही. स्वतः हेल्मेट घालायचं आणि गळ्याला जाड मफलर. मफलर आत खोचलेला हवा, लोंबता नको.

गळा चिरलाच तर: मांजा अडकलेला असेल तर ओढू नका, दोन्ही बाजूंनी कापा. जखमीला आडवं करा आणि जखमेवर हाताने थेट दाबा. फडकं नसेल तर नुसता तळवा. मानेभोवती रुमाल आवळून बांधायचा नाही. मी गळ्याला दुपट्टा करकचून बांधून आणलेला माणूस पाहिला आहे, रक्त थांबवायच्या नादात त्याचा श्वासच आवळला होता. बांधायचंच असेल तर पट्टी जखमेवरून घेऊन पलीकडच्या काखेखालून काढा, म्हणजे गळा मोकळा राहतो. पण दाबून धरलेला हात कुठल्याही पट्टीपेक्षा बरा. एका माणसाने दवाखान्यापर्यंत तो हात काढायचा नाही, एवढंच त्याचं काम.

कानघसा

सिस्टरनी आडवं करायला सांगितलं त्याचं कारण जोडतो. मानेतल्या मोठ्या शिरा चिरल्या असतील तर बसलेल्या माणसात हवा आत ओढली जाऊ शकते आणि ती हृदयापर्यंत जाते. आडवं केलं आणि दाब दिला की हा धोका कमी होतो. पण जखमेतून श्वासाबरोबर बुडबुडे येत असतील, किंवा तोंडात रक्त येऊन गुदमरत असेल, तर कुशीवर. श्वास कायम पहिला.

मानेत काही घुसलेलं असेल, म्हणजे पऱ्हाटीचं (कपाशीचं) खुंट, तुरीची काडी, काच, सळई, तर जागेवर उपसू नका. आतली फाटलेली नस त्या वस्तूनेच दाबून धरलेली असू शकते. आजूबाजूने कापडाच्या गुंडाळ्या लावून हलू न देता आणा. बैलाचं शिंग लागलं तर वरून छोटं भोक दिसतं, आत ते कुठवर गेलं ते सांगता येत नाही. पोळ्याला किंवा पटावर असं झालं आणि बाहेरून दोन टाके पुरतील असं वाटलं, तरी दाखवाच.

कबड्डीमास्तर

मी शाळेत क्रीडाशिक्षक आहे, गावोगावच्या सामन्यांना पोरं नेतो. आमच्याकडे कानाचा प्रश्न फार. पकडीत कान मॅटवर घासतो नाहीतर समोरच्याचा गुडघा लागतो. कान सुजतो, गरम लागतो, मऊ फुगा येतो. पोरं बर्फ लावतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खेळतात. मोठ्या पैलवानांचे मुडपलेले कान बघून त्यांना त्याचा अभिमानच वाटतो. हा फुगा सुईने फोडला तर चालतो का? काही उस्ताद लोक फोडतात.

कानघसा

मास्तर, घरी अजिबात फोडू नका. कानाच्या कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरचं पातळ आवरण तिला पोसतं. मार लागला की आवरण आणि कूर्चा यांच्यामध्ये रक्त साठतं, आवरण उचललं जातं आणि कूर्चा उपाशी मरते. आठवडा-दहा दिवसांत त्या रक्ताच्या जागी कडक गाठी तयार होतात आणि कानाच्या वळ्या बुजतात. मग साधा उपाय राहत नाही.

साध्या सुईने फोडलं तर दोन गोष्टी होतात. रक्त पुन्हा साठतं, कारण वर दाब नसतो. आणि जंतू गेले तर कूर्चा सडते. ते दुखणं फार वाईट, अख्खा कान आकसून जातो.

आम्ही काय करतो ते सांगतो म्हणजे पोरांची भीती जाईल. कान बधिर करून वळीच्या आत, दिसणार नाही अशा ठिकाणी बारीक छेद घेतो, रक्त काढून धुतो. मग कानाच्या पुढून आणि मागून कापसाचे घट्ट बोळे ठेवून आरपार टाके घालून ते कानाला चापून बसवतो. काही ठिकाणी शर्टाची निर्जंतुक केलेली बटणं वापरतात, तीही छान काम करतात. साधारण आठवडाभर ठेवतो. एवढं केलं तर कान जसाच्या तसा राहतो. पण हे दोन-तीन दिवसांत व्हायला हवं. फुगा आला त्याच संध्याकाळी मला फोन आला तर उत्तम.

अभिमानाचं म्हणाल तर पोरांना हे सांगा की मुडपलेल्या कानाची वाट अरुंद होऊन त्यात मळ आणि पाणी साचतं, पुढे ऐकायला त्रास होऊ शकतो. सरावाला कान झाकणारी टोपी घालायला लावा.

चिमुकलीची_माय

डॉक्टरसाहेब, माझ्या पुतण्याला वर्गात कानशिलात बसली. तेव्हापासून कानात शिट्टी वाजते म्हणतो, थोडं रक्त आलं होतं. सासूबाई लसणाचं तेल कोमट करून घालू म्हणतात. घालू का?

कानघसा

ताई, एक थेंबही घालू नका. तेल, लसूण, पेरॉक्साइड, औषधाच्या दुकानातले थेंब, काहीच नाही. उघड्या तळव्याने कानावर मारलं की कानाच्या नळीतली हवा दाबली जाऊन पडदा फाटतो. पडद्याला भोक असेल तर घातलेलं सगळं मधल्या कानात जातं. कान कोरडा ठेवा. आंघोळीला व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा बाहेरच्या बाहेर ठेवा, नदी-विहिरीत पोहणं बंद, नाक जोरात शिंकरणं बंद. फाटलेले बहुतेक पडदे दोन-तीन महिन्यांत आपोआप भरतात. पण दाखवून घ्या, आणि चक्कर येत असेल, ऐकू येणं एकदम गेलं असेल किंवा तोंड वाकडं दिसत असेल तर आजच.

ज्या कोणी मारलं त्यांच्यापर्यंतही हे पोचवा. कानाखाली मारणं ही शिक्षा नाही, ती दुखापत आहे, आणि शाळेत मारायला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने बंदी आहे.

चिमुकलीची_माय

आजच नेते. आणि लहान पोरांच्या कानात हरभरा, तुरीचा दाणा जातो त्याचं काय? आमच्या मळ्यात पोरं दिवसभर ढिगावरच असतात.

सिस्टर_यवतमाळ

ताई, दाणा गेला तर पाणी घालायचं नाही, तो फुगून घट्ट बसतो. पिन, चाप, काडी घालायची नाही, दाणा आत जातो आणि पडदा फुटतो. कान खाली करून हलकं हलवून पडला तर पडला, नाहीतर दवाखाना. ते लगेचच्या धोक्याचं नाही, सकाळी आणलं तरी चालतं.

जिवंत किडा गेला असेल तर वेगळं. तो आत फडफडतो तेव्हा लेकरू वेडंपिसं होतं. पडदा चांगला असल्याची खात्री असेल तर खोबरेल तेलाचे चार थेंब टाका, किडा मरतो, मग दवाखान्यात काढून घ्या.

आणि खेळण्यातला किंवा रिमोटमधला बटण सेल नाका-कानात गेला असेल तर रात्रीच निघा. तो काही तासांत आतलं मांस जाळतो. तेल-पाणी काहीच घालू नका.

पऱ्हाटी

ताई, आमच्या बुढीनं जनमभर जखमीवर हयद लावली, कोनाले काई झालं नाई. इतकी वाईट असते का?

सिस्टर_यवतमाळ

भाऊ, आजीच्या अनुभवाला मी नावं ठेवत नाही. बोटाला खरचटलं आणि तिने धुऊन हळद लावली, जखम बरी झाली, हे खरं. पण चेहऱ्याची फाटलेली जखम हळद, चुना, कुंकू, राख भरून येते तेव्हा आम्हाला ती आधी खरडून काढावी लागते. माणूस कळवळतो. कण राहिले तर कातडीत कायमचे काळे-निळे डाग गोंदल्यासारखे दिसतात. आणि भरल्यामुळे जखम किती खोल आहे, नस कापली का, लाळेची नळी कापली का, हे दिसतच नाही. स्वच्छ पाण्याने धुवा, ओलं फडकं ठेवा, बाकी आमच्यावर सोडा. धनुर्वाताचं इंजेक्शन आठवणीने घ्या, शेणामातीतली जखम असेल तर नक्कीच.

अजून एक. चेहऱ्याची जखम सहा तासांनंतर शिवत नाहीत असं लोकांना वाटतं, म्हणून रात्री उशीर झाला तर येतच नाहीत. चेहऱ्याचा रक्तपुरवठा इतका चांगला असतो की दुसऱ्या दिवशी आणलेली स्वच्छ जखमही बहुधा शिवता येते. उशीर झाला तरी या.

वैनगंगाकाठ

आमच्याकडे ब्रह्मपुरी-वडसा पट्ट्यात मोहफुलाचे दिवस आले की पोटात गोळा येतो. पहाटे अंधारात टोपली घेऊन बाया जातात, अस्वलालाही मोह आवडतो, दोघांची गाठ झाडाखाली पडते. बुलढाण्याच्या ज्ञानगंगा अभयारण्याजवळची गावंही हेच भोगतात असं ऐकतो. अस्वल उभं राहून नख्या मारतं ते थेट तोंडावर आणि डोक्यावर. कातडीचा पदरच सोलून खाली लोंबतो, नाक जातं, डोळा जातो.

गावातल्या एका काकूंना आम्ही आणलं तेव्हाचं सांगतो, कारण तिथे सोबतच्या बाईने फार शहाणपणा केला. कपाळापासून गालापर्यंत सोललेला पदर होता. कोणीतरी म्हणालं हे मेलेलं मांस कापून टाका. त्या बाईने कोणाला हात लावू दिला नाही. बाटलीतलं पाणी ओतून पाला-माती वाहवली, पदर उचलून जागेवर अलगद ठेवला, वर ओला दुपट्टा. काकूंना बसवूनच आणलं, सारखी बोलत राहिली त्यांच्याशी. पुढे नागपूरला शिवलं. आज त्या बाजाराला येतात, चेहऱ्यावर व्रण आहे, पण चेहरा त्यांचाच आहे.

कानघसा

त्या बाईंना माझा नमस्कार सांगा. चेहऱ्याची कातडी बारीकशा देठावर लोंबत असली तरी जगते. कापून टाकली तर तेवढी जागा भरायला मांडीची, कपाळाची कातडी आणावी लागते. कान किंवा नाकाचा तुकडा पूर्ण तुटून पडला असेल तर तोही आणा. पाण्याने धुऊन ओल्या स्वच्छ कापडात गुंडाळा, ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती पिशवी बर्फाच्या पिशवीत. तुकडा थेट बर्फात टाकला तर मरतो.

अस्वल, कोल्हा, रानडुक्कर, माकड, कुत्रा, कोणीही चावलं-ओरबाडलं तर रेबीज धरूनच चालायचं. चेहरा आणि मान मेंदूच्या जवळ, तिथे वेळ कमी मिळतो. साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवायचं. घाईत धुतलेलं धुतलेलं नसतं, घड्याळ लावा. मग लस, आणि जखमेच्या आत-भोवती इम्युनोग्लोब्युलिनचं (तयार प्रतिपिंडांचं) इंजेक्शन, ते पहिल्याच दिवशी. शक्यतो आम्ही अशी जखम लगेच घट्ट शिवत नाही, शिवावीच लागली तर हे इंजेक्शन देऊन, सैल टाके. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात त्या लसीचे दिवस ०, ३, ७ आणि २८. चौथी लोक विसरतात.

वैनगंगाकाठ

आणि वन्यप्राण्याचा हल्ला असेल तर वनरक्षकाला त्याच दिवशी कळवा. पंचनामा आणि सरकारी डॉक्टरचा दाखला असला की वनविभागाकडून उपचाराचा खर्च आणि नुकसानभरपाई मिळते. रक्ताळलेले कपडे जाळू नका, पंचनाम्यापर्यंत ठेवा.

कबड्डीमास्तर

जबडा मोडला की नुसता सुजला, हे मैदानावर कसं ओळखायचं? आणि नाकाचं?

कानघसा

मास्तर, पोराला दात मिटायला सांगा आणि विचारा, रोजच्यासारखे बसतात का. रोजचा चावा बदलला असं तो म्हणाला तर जबडा मोडला असं धरा. त्याच्यापेक्षा चांगली तपासणी मैदानावर नाही. खालचा ओठ बधिर लागतो का विचारा, जिभेखाली निळसर रक्त साकळलंय का बघा. हनुवटीवर पडलेल्याच्या कानातून रक्त आलं तर लोकांना कान फुटला वाटतं, पण कानापुढचा जबड्याचा सांधा मोडूनही ते येतं.

गालाचं हाड मोडलं तर गाल सपाट दिसतो, गालाखाली, नाकाशेजारी बधिरपणा येतो, एकाचे दोन दिसतात. नाक शिंकरू देऊ नका, हवा डोळ्याभोवती शिरते. लहान मुलाचा डोळा बाहेरून पांढराशुभ्र दिसत असला, पण वर बघताना अडत असला आणि ते ओकाऱ्या करत असलं, तर डोळ्याखालच्या मोडलेल्या हाडात स्नायू अडकलेला असतो. ते पोटाचं दुखणं समजून वेळ घालवू नका, त्याच दिवशी नागपूर.

नाकाचं वाकडेपण आठवड्या-दीड आठवड्यात बसवता येतं, त्याची घाई नाही. पण मार लागल्यावर दोन्ही नाकपुड्या एकदम बंद झाल्या तर घाई आहे. टॉर्च लावून आत बघा, मधल्या पडद्यावर दोन्हीकडे लालसर-जांभळा मऊ फुगवटा असेल तर तिथे रक्त साठलंय. कानासारखंच तेही एक-दोन दिवसांत काढलं नाही तर कूर्चा जाते, नाक मधोमध खचतं.

उन्हाळ्यात आपल्याकडे घोळणा फुटतो तेव्हाही डोकं मागे करायचं नाही. पुढे वाकून नाकाचा मऊ भाग चिमटीत दहा-पंधरा मिनिटं घट्ट धरायचा, तोंडाने श्वास. हाडावर चिमटा धरून काही होत नाही.

दात अख्खा निघाला तर दुधाच्या भांड्यात टाकून अर्ध्या तासात दंतवैद्याकडे. मूळ धरू नका, वरच्या पांढऱ्या भागाला धरा, घासू नका. जमलं तर तिथेच खाचेत बसवून रुमालावर चावायला लावा. दुधाचे दात मात्र परत बसवायचे नाहीत.

सिस्टर_यवतमाळ

मी दोन गोष्टी जोडते, दोन्ही रोज दिसतात.

डोक्याला मार लागून कानातून किंवा नाकातून रक्तमिश्रित पाणी गळत असेल तर कापूस कोंबू नका. कवटीच्या तळाला चीर पडली की मेंदूभोवतीचं पाणी तसं येतं. ते बाहेर येऊ द्यायचं, वर सैल स्वच्छ फडकं. कानामागे निळं पडणं किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळं वर्तुळ हे एक-दोन दिवसांनी उमटतं, तेव्हा घरी गेलेला माणूस परत आणा.

कान आणि तोंडाचा कोपरा यांच्यामध्ये गालावर खोल चिरलं असेल तर शिवायच्या आधी आम्ही डोळे घट्ट मिटायला, दात दाखवायला, गाल फुगवायला सांगतो. एक बाजू मागे राहिली तर चेहऱ्याची नस कापली असू शकते. तुम्हीही बघून ठेवा आणि डॉक्टरला सांगा, कारण सूज वाढल्यावर कळत नाही. ती नस पहिल्या तीन दिवसांत जोडणं सोपं असतं. जवळच्या दवाखान्यात नुसती कातडी शिवून घरी पाठवलं तर ते तीन दिवस निघून जातात.

वऱ्हाडातून_पुण्यात

पोचायचं कुठे, हेही लिहा कोणी. गावात असं झालं की पहिला तास फोनाफोनीतच जातो.

सिस्टर_यवतमाळ

पहिला फोन १०८. आत डॉक्टर आणि ऑक्सिजन असतो, म्हणून श्वासाचा त्रास असलेल्याला खासगी गाडीपेक्षा ती बरी, पण यायला वेळ लागणार असेल तर अर्ध्या वाटेवर गाठ घाला, वाट बघत बसू नका. टाके, रेबीज, धनुर्वात ग्रामीण रुग्णालयात होतं. जबडा, गाल, डोळ्याचं हाड असेल तर नागपूरची मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं, शासकीय दंत महाविद्यालय किंवा एम्स. वर्ध्याकडच्यांना सेवाग्राम आणि सावंगीची मोठी रुग्णालयं जवळ. रेशन कार्ड आणि आधार सोबत घ्या, महात्मा फुले जनआरोग्य योजनेसाठी लागतं.

रस्त्यावरच्या अनोळखी जखमीला पोचवायला लोक पोलिसांना भितात. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात १३४-अ कलम आलं आहे. मदत करणाऱ्यावर कारवाई होत नाही, त्याला नाव सांगायचीही सक्ती नाही.

पऱ्हाटी

ताई, शेवटचं इचारतो. गाडीवाला पडला, तोंड फुटलं, आन् डोक्यात हेल्मेट हाय. काढाव का राहू द्याव? आमच्या इथं याच्यावरून रस्त्यावरच भांडन होते.

सिस्टर_यवतमाळ

भाऊ, श्वास नीट चालू आहे, बोलतोय, तर हेल्मेट राहू द्या. समोरची काच उघडा, गळ्याचा पट्टा सोडा, डोकं धरून ठेवा, गाडी येऊ द्या.

गुदमरतोय, ओकतोय, आतून रक्ताचा गुळगुळ आवाज येतोय, तर काढावंच लागतं, पण एकट्याने नाही. एकाने खालून दोन्ही हात घालून मान आणि जबडा पक्का धरायचा. दुसऱ्याने डोक्याकडे बसून हेल्मेटच्या दोन्ही कडा बाहेर ताणायच्या, म्हणजे कान अडकत नाहीत, आणि हळूहळू सरळ ओढायचं. नाकाशी अडलं तर किंचित मागे कलतं करून सोडवायचं. निघाल्यावर डोकं खाली आपटू नये म्हणून खालच्याने हात तसेच ठेवायचे, मग दोघांनी मिळून कुशीवर. हे एकदा रिकाम्या वेळी घरच्या माणसावर करून बघा, हाताला सवय होते.

आणि काढलेलं हेल्मेट रस्त्यावर टाकून येऊ नका, सोबत द्या. ते कुठे फुटलंय, कुठे घासलंय ते बघून मार कुठल्या बाजूने बसला ते आम्हाला कळतं.